दुरियन अडला तेव्हा

नगरपालिकेची डुकरं पकडायची गाडी आली की आमची अख्खी वस्ती पळायला लागायची. पुढे डुकरं, मागे माणसं आणि त्यांच्या मागे जाळी घेतलेले गाडीवाले. बार्शीच्या कडेला, नाल्यालगत आमची घरं. आजोबा डुकरं पाळायचे, वडीलही तेच करायचे. गाडीत गेलेलं जनावर परत यायचं नाही. मग पुढचे कित्येक दिवस भाकरीबरोबर नुसता ठेचा. शाळेत मी वर्गात शिरले की पुढच्या बाकावरच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या. आई माझा युनिफॉर्म रोज धुवायची, तरी रुमाल निघायचेच. मी रडत घरी आले की वडील म्हणायचे, "त्यास्नी नाक हाय, तुला डोकं हाय. जा, अब्यास कर."

केला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पुढे पशुवैद्यक झाले. हे मी कुणाला दबक्या आवाजात सांगत नाही. सांगायची वेळ आली की चांगलं मोठ्यानं सांगते.

आता मी सिंगापूरच्या एका प्राणी उद्यानात नोकरी करते. कार्डावर 'मॅनेजर, ॲनिमल एज्युकेशन' असं छापलंय. सिंगापूरमध्ये डुकरांचे फार्म आता राहिलेले नाहीत. पुलाउ उबीन बेटावर सायकल चालवायला गेलात तर एखादं रानडुक्कर आडवं जाईल, तेवढंच. आमच्या उद्यानात मात्र मुलांच्या विभागात ससे, शेळ्या आणि थोडी पाळीव डुकरं आहेत. त्यांची नावं कीपर लोकांनी ठेवलेली. एकाचं पांडन, इथल्या सुवासिक पानावरून, आणि सगळ्यात हट्टी होतं त्याचं दुरियन, इथल्या काटेरी, उग्र वासाच्या फळावरून.

उद्यानात शाळेच्या सुट्टीत 'यूथ लीडरशिप'चं शिबिर व्हायचं. एसी रूम, पांढरा बोर्ड, रंगीत चिकट चिठ्ठ्या. 'लीडर म्हणजे काय' हे मुलं चिठ्ठीवर लिहायची आणि जांभया देत बोर्डावर चिकटवायची. मी एका मीटिंगमध्ये म्हटलं, "यापेक्षा मुलांना डुक्कर शो करायला शिकवू या."

माझ्या बॉस मादाम लिम कॉफी पिता पिता थांबल्या. "अर्चना, पिग्ज? सीरियसली?"

"सीरियसली, मादाम."

हा प्रकार काय ते थोडक्यात सांगते. काही देशांत शेतकऱ्यांची मुलं आपलं डुक्कर घेऊन रिंगणात उतरतात आणि जजसमोर ते चालवून दाखवतात. गळ्यात दोरी नाही, पट्टा नाही. हातात एक हलकी काठी आणि प्लायवुडची एक फळी. काठी मारायची नाही, खांद्याला नुसती टेकवायची. डाव्या खांद्याला टेकवली की जनावर उजवीकडे वळतं. जिकडे जायला नको तिकडे फळी आडवी धरायची. पलीकडचं दिसलं नाही की डुक्कर तिकडे जात नाही. यातल्या एका प्रकाराला 'शोमनशिप' म्हणतात. त्यात मार्क डुकराला नसतात, चालवणाऱ्या मुलाला असतात. मुलानं जनावराच्या बाजूने, जरा मागून चालायचं. जज आणि डुक्कर यांच्या मधे कधी यायचं नाही.

"कुत्रं का नाही?" मादाम लिमनी विचारलं.

"कुत्रं मालकाला खूश करायला बघतं. डुक्कर आधी विचार करतं, यात माझा काय फायदा? ऑफिसातल्या माणसांसारखं."

त्या हसल्या. मग बॉससारख्या म्हणाल्या, "ओके. ओपन डेला एक शो करून दाखव. मॅनेजमेंट बोर्डाचे पाहुणे येतील. जमलं तर कार्यक्रम कायम. नाही जमलं तर बॅक टू चिकट चिठ्ठ्या. नो सेकंड चान्स, हां."

रात्री वडिलांना फोन लावला. त्यांना आधी खरंच वाटेना.

"आगं, पोरांस्नी डुक्कर हाकायला शिकिवणार? सिंगापुरात?"

"हो, आबा."

"आन् आई-बाप पोरं मुद्दाम धाडणार?"

"हो."

पलीकडे ते इतके हसले की आईनं फोन काढून घेतला आणि मला विचारलं, काय झालं गं यांना?

मुलं आली. मलय मुलं मुस्लिम, त्यांनी शेळ्यांचा गट घेतला. डुकरांकडे आलेल्यांत दोघं विशेष लक्षात राहिली. वेइ जिए नावाचा मुलगा, त्याचं तोंड झोपेतही बंद होत नसावं. आणि सानिका, आपली पुण्याची, आई-वडील दोघंही बँकेत. चौदा वर्षांची पोर, बोलायची इतकी हळू की मला दर वेळी 'काय?' म्हणावं लागे. तिच्या वाट्याला दुरियन आला.

सानिकाची आई वृषाली सरावाला हजर असायची. बाई हुशार, उत्साही, मनाने चांगली. फक्त या सगळ्याचा तिने आपल्या ओळखीचा अर्थ लावला होता. स्पर्धा आहे, जज आहेत, म्हणजे ही वक्तृत्व स्पर्धा! तिने लेकीला भाषण लिहून दिलं, हातवाऱ्यांसकट पाठ करून घेतलं. सुरुवात, 'गुड मॉर्निंग, रिस्पेक्टेड जजेस.' सानिका भाषण सुरू करायची, आणि दुसरं वाक्य येईपर्यंत दुरियन कुंपणापाशी जाऊन गवत उकरत असायचा.

"अहो वृषाली, जज चालता चालता प्रश्न विचारतात. भाषण नसतं यात," मी सांगितलं.

"पण डॉक्टर, कॉन्टेन्ट तर हवा ना! आणि ती सारखी डुकराच्या मागे का? लीडर पुढे नको का?"

"पुढे गेली तर डुक्कर मागे फिरेल."

"थोडी तरी पुढे?"

मी सानिकाकडे पाहिलं. ती बुटांकडे बघत होती. "कॅन, मावशी," ती म्हणाली. म्हणजे भाषणही करीन आणि डुक्करही चालवीन. सगळ्यांना खूश ठेवायची सवय होती तिला.

ओपन डे उजाडला. रिंगण छताखाली अर्धं आणि उन्हात अर्धं. जज होते कॉलिन, ऑस्ट्रेलियात जन्मभर डुकरं पाळून निवृत्त झालेले, आता लेकीकडे इथे राहायला आलेले. पहिल्या रांगेत बोर्डाचे पाहुणे आणि त्यांच्यासोबत मादाम लिम, हातात उद्यानाची भलीमोठी उघडी छत्री. वेइ जिए पांडनला घेऊन आला आणि झकास फेरी मारून गेला. जाताना त्याने प्रेक्षकांत बसलेल्या आपल्या आजीला हातही केला. टाळ्या पडल्या. मी मनात म्हटलं, निम्मं जमलं.

मग दुरियन आला. दारातून आत पाय टाकला आणि जिथे सावली संपून ऊन सुरू होतं तिथे खांबासारखा उभा राहिला.

सानिकाने काठी टेकवली. ढिम्म. दुसऱ्या खांद्याला टेकवली. ढिम्म. रिंगणाच्या दोरीबाहेरून वृषालीची कुजबुज सुरू झाली, आणि ती कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होती. "सानिका, स्माइल! पुढे ये! भाषण, भाषण!"

सानिका पुढे आली. "गुड मॉर्निंग, रिस्पेक्टेड जजेस..."

दुरियन खाली बसला.

लोक हसले. मादाम लिमनी पाहुण्यांकडे पाहून अवघडल्यासारखं हसू आणलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला चिकट चिठ्ठ्या दिसल्या. मी दोरी उचलून आत जायला निघाले. जनावर का अडलंय त्याची कारणं मला माहीत होती. कॉलिननी तिथूनच हात केला. "लेट हर, डॉक."

नियमच तो. रिंगणात मुलाशिवाय कुणी जनावराला हात लावायचा नाही. मी दोरी सोडली. माझ्या नोकरीत त्याहून अवघड काम मी केलेलं नाही.

सानिकाने काठी खाली ठेवली, गुडघ्यांवर बसली आणि आपला गाल दुरियनच्या कानाशी नेऊन समोर बघायला लागली. त्याच्या उंचीवरून. हे मी सरावात सगळ्यांना एकदा शिकवलं होतं. जनावर अडलं की त्याला काय दिसतंय ते आधी बघा. वेइ जिएने तेव्हा त्यावर विनोद केला होता. सानिका गप्प होती, त्यामुळे तिने ऐकलंय की नाही हे मला कळलं नव्हतं.

ती उठली. तिचा असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"मादाम, प्लीज क्लोज युअर अम्ब्रेला."

मादाम लिमनी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुठल्या मादामला म्हणते आहे का ही.

"यू, मादाम. युअर शॅडो इज मूव्हिंग. ही थिंक्स इट्स अ होल."

बरोबर होतं. हलणारी काळी सावली डुकराला खड्ड्यासारखी वाटते. मादाम लिमनी छत्री मिटली. मिटताना ती अडकली, एका पाहुण्याने मदत केली.

"वेइ जिए, दॅट बॅनर. होल्ड इट, लाह. डोन्ट टॉक."

वेइ जिए धावत गेला आणि फडफडणारा बॅनर धरून उभा राहिला. चक्क न बोलता.

मग ती आईकडे वळली आणि सगळ्यांसमोर स्वच्छ मराठीत म्हणाली, "आई, तू बोलू नकोस ना. तो तुझंच ऐकतोय."

वृषालीने तोंडावर हात ठेवला. आणि तो तसाच ठेवला, हे मी तिच्याबद्दल आदराने लिहिते.

सानिकाने काठी उचलली, खांद्याला टेकवली. दुरियन उठला, अंग झाडलं आणि निघाला. ऊन ओलांडलं, कोपरा ओलांडला. ती त्याच्या मागे, जरा बाजूला, नजर कॉलिनवर. कॉलिननी चालता चालता विचारलं, "या डुकरात एक गोष्ट बदलायची तर काय बदलशील?"

"नथिंग," ती म्हणाली. "पुढच्या वेळी मी आधी येऊन रिंगण बघीन."

कॉलिन हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

पहिला नंबर वेइ जिएचा आला, फेरी स्वच्छ झाली होती म्हणून. सानिकाचा दुसरा. "दुसरा?" वृषालीच्या तोंडून निघालंच. पण सानिका तोवर दुरियनला पाइपने पाणी मारत होती, दोघंही चिंब झाले होते, आणि वेइ जिए मेडल दाताने चावून बघत होता.

मादाम लिम मिटलेली छत्री घेऊन माझ्याकडे आल्या. मी तयारीत होते.

"माय ऑफिस, सो मेनी पीपल," त्या म्हणाल्या. "नोबडी एव्हर टेल मी टू क्लोज माय अम्ब्रेला." मग पाहुण्यांकडे बोट दाखवून, "ते विचारतायत पुढची बॅच कधी."

वृषालीही आली. डोळे पुसत होती आणि हसतही होती. "अहो डॉक्टर, पुढच्या बॅचला पालकांसाठीही काहीतरी ठेवा ना."

"ठेवलंय," मी म्हटलं. "दोरीबाहेर खुर्च्या."

मुलांना नेतृत्व शिकवण्याबद्दल मला आता बरंच विचारलं जातं. माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. त्यांना असं काम द्या जे पाठ करून होत नाही, आणि मग, फार अवघड असलं तरी, स्वतः आत जाऊ नका.

सानिका हल्ली नव्या मुलांना दुरियन हाताळायला शिकवते. मला तिला आता 'काय?' असं विचारावं लागत नाही. डुक्कर शो करण्याचा वर्ग आमच्या उद्यानात कायमचा सुरू झाला, आणि तो मी चालवते.