रिकाम्या प्लॉटातला खुळखुळा

नवरा गेल्यावर आवडाबाई गंगापूरकडचं शेत वाट्यानं देऊन शहरात, पुंडलिकनगरात मुलाकडे राहायला आल्या. विश्वजीत चिकलठाण्याच्या कंपनीत. सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. घराला लागून एक रिकामा प्लॉट होता. नुसता कचरा आणि फुटक्या फरश्या. एका मृगात आवडाबाईंनी तो झाडून काढला आणि बांधावरून आणलेलं खुळखुळ्याचं बी तिथं फेकलं. पिवळ्या फुलांचं हे रानटी झुडूप. शेंगा वाळल्या की आत बी वाजतं, म्हणून खुळखुळा.

त्या वर्षी पावसानं दडी मारली. गल्लीतल्या कुंड्यांमधले गुलाब करपले, खुळखुळा मात्र कमरेएवढा वाढला. दिवाळीच्या सुमारास फुलपाखरं आली. काळी, अंगावर फिक्या निळ्या रेघांची. वाळक्या काड्यांना लटकून रस ओढत बसायची. आवडाबाई चहा घेऊन पायरीवर बसायच्या आणि बघत राहायच्या. शहरात पहिल्यांदा त्यांचा जीव रमला.

मग थंडीत एका दुपारी शेंगा वाजल्या. वारा नव्हता. दोरीवरचं धुणं सरळ लोंबत होतं. सगळा प्लॉट गप्प, आणि मधोमध एका गोलातली तेवढीच झाडं थरथरत होती. घूस असेल म्हणून आवडाबाईंनी खडा मारला. काहीच निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता त्या गोलातली झाडं आत झुकली होती, खाली काहीतरी आहे आणि ती वाकून बघताहेत अशी. सगळी फुलपाखरंही त्यांच्यावरच. बाकी झाडांवर एकही नाही. आवडाबाईंनी रात्री विश्वजीतला सांगितलं.

विश्वजीत म्हणाला, "आई, एकटी बसून बसून तुला भास व्हायलेत."

रविवारी समोरचा मंदार नवी गाडी घेऊन आला. पेढे वाटून झाले आणि तो गाडी प्लॉटात घालायला निघाला. आवडाबाई पुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"तिथं नको रे बाबा."

"का मावशी? चार झाडं मोडतील, एवढंच ना?"

"झाडांचं नाय. त्यांना खालून कुणीतरी हलवतंय."

मंदार हसला. पण त्या जागच्या हलेनात, तेव्हा त्यानं गाडी मागं घेतली आणि रस्त्यावरच लावली.

सोमवारी दुपारी त्या तांदूळ निवडत होत्या. अचानक सगळ्या शेंगा एकदम वाजल्या आणि एकदम थांबल्या. मग पोतं ओतावं तसा लांबलचक आवाज. बाहेर येऊन बघतात तर प्लॉटाच्या मधोमध गोल, काळं भोक.

गल्ली जमली. शेजारचे म्हातारे बन्सीबाबा काठी टेकत आले. "मळ्याची इहीर व्हती इथं," ते म्हणाले. "प्लॉट पडले तवा कचरा टाकून बुजवली." आतली माती खचत होती, म्हणून झाडं हलत होती. सगळ्यांना पटलं. आवडाबाईंनाही.

तेवढ्यात मंदारनं फळी टाकून, मोबाइलचा उजेड धरून आत डोकावलं. मग तो मागं सरकला.

"मावशी, बघा जरा."

खाली, खूप खोल, झाडं जशीच्या तशी उभी होती, फुलांसकट. फुलपाखरंही तशीच बसलेली. एवढी माती ढासळली, पण एकही उडालं नव्हतं. पंख मिटत होती, उघडत होती. सगळी एकाच वेळी.

विहीर मुरूम टाकून बुजवायची ठरली. मुरूम येईपर्यंत आवडाबाई लांबून फुलपाखरांची वाट बघत बसल्या. दोन-चार वर आली. बाकीची आलीच नाहीत.

पुढच्या मृगात त्या पुन्हा बी घेऊन निघाल्या तेव्हा विश्वजीत चिडला. "तुला भ्या वाटत नाय का गं?"

"वाटतं की. लई वाटतं. पण खाली राहिलेली फुलपाखरं वर यायचीच. त्यांना बसायला काही लागंल का नाय?"

भिंतीच्या कडेनं बी टाकत त्या रस्त्यापर्यंत गेल्या. गाडी पुसत असलेल्या मंदारनं दोन्ही हात पुढं केले. त्यांनी त्याच्या ओंजळीत थोडं बी घातलं आणि पुढं चालू लागल्या.