मेस्तांनी बसवलेलं दार

तारकर्लीचे मेस्त रागावले की आवाज चढवत नसत. रंधा अधिक सावकाश चालवत. होड्या बांधणारा माणूस. अंगाला कायम होड्यांना चोपडायच्या माशाच्या तेलाचा वास.

मी तेव्हा गावातल्या शेटांच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. लहानशी विलायती गाडी, इंजिन मागच्या बाजूला. एका दुपारी मेस्त धावत आले. बायको अडली होती, मालवणला दवाखान्यात न्यायची होती. शेट ओटीवरूनच म्हणाले, "गादयेक तेलाचो वास बसात. बैलगाडी बघ." मी गाडीपाशीच उभा होतो. बैलगाडी निम्म्या वाटेवर पोचली आणि बाई गेली. पोटातलं मूलही गेलं.

मेस्त त्यानंतर रंधा अधिक सावकाश चालवू लागले. "लाकूड सुकाक येळ लागता," एवढंच कुणाला तरी म्हणाल्याचं ऐकलं.

पाचसहा वर्षांनी गाडी वरचेवर बंद पडू लागली. मागचं झाकण इतकं अरुंद की हात आत जाईना. साधा पट्टा बदलायचा तरी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागे. मागचा पत्रा कापून मोठं दार करायला हवं होतं, आणि होड्यांना पत्रा मारून तयार झालेला तसा हात पंचक्रोशीत एकट्या मेस्तांकडे होता. शेटांनी मला पाठवलं. मेस्त लगेच हो म्हणाले, तेव्हा मला भीती वाटली.

काम मात्र देखणं झालं. खडूने रेघ मारून त्यांनी पत्रा कापला, कडेने लोखंडी पट्टी दिली, होडीच्या पितळी बिजागऱ्या लावल्या. वारा खेळायला फटी ठेवल्या. कडी मात्र आतून अशी बसवली की कुठे दाबायचं ते त्यांनाच ठाऊक. मी विचारलं तर म्हणाले, "बंद पडली काय त्येका माझ्या दारात धाड. चलत येवंदे."

दुसरं कुणी गेलं तर मेस्त जागचे हलत नसत, म्हणून शेट स्वतः चालत येत. दर खेपेला मेस्त त्यांना अंगणात, तेलाच्या डब्यांशेजारी उभं करून ठेवत.

मग शेटांच्या एकुलत्या मुलाला काजूच्या बागेत साप चावला. त्याला गाडीत घातलं आणि इंजिन बंद पडलं. शेट अनवाणी धावले, मागोमाग मी.

"मेस्तांनू, झिल जाता माझो!"

"माझ्या बायलेचा नाव काय होता?"

शेटांना ते माहीतच नव्हतं. अंगणात शेजारीपाजारी जमले होते. मेस्त म्हणाले, "सुभद्रा. म्हणा. मोठ्यान."

शेटांनी हात जोडून, रडत ते नाव घेतलं. मेस्तांनी तीनदा घ्यायला लावलं. मग हत्यारं उचलून ते माझ्याही पुढे पळाले, दार उघडलं, तुटलेला पट्टा बदलला. मुलगा वाचला. शेटांनी पाठवलेला नारळ मात्र त्यांनी तसाच परत धाडला, आणि पुढे शेट वारले तेव्हा स्मशानात गेले नाहीत.

मी मुंबईला टॅक्सी चालवायला निघालो, तेव्हा त्यांच्या पाया पडायला गेलो. म्हटलं, "शेटाक बरो धडो शिकवलात."

त्यांनी पाय मागे घेतले.

"शेट नको म्हणालो, ता खरा. पण चावी तुझ्या खिशात होती रे."

त्यानंतर तीस वर्षं टॅक्सी चालवली. आजारी माणसाला एकदाही नाही म्हटलं नाही. लोक मला देवमाणूस म्हणत. मेस्तांनी ऐकलं असतं तर हसले असते.