गारीगारच्या घरातले उन्हाळे

पूर्णेच्या फलाटावर गाडीची वाट बघत आपण सगळे उभे होतो आणि बापूंनी सगळ्यांना गारीगार घेऊन दिलं. ताई, तू नको म्हणालीस, कारण बाळ कडेवर होतं. रंजे, तू तेव्हा सातवी-आठवीत असशील. माझ्या अंगाला खेटून तू कांडी चोखत होतीस आणि तिचा एक लाल थेंब माझ्या लग्नाच्या पांढऱ्या साडीवर पडला. आईनं तुझ्या पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच हसली. "राहू दे," म्हणाली, "त्याच घरी चाललीय. तिथं रोजच सांडणार हाय." बायका हसल्या, मीही हसले. एक्याण्णवचा फेब्रुवारी होता. सीझन लागायच्या आत लग्न उरकायचं, अशी मामंजींनी अटच घातली होती. सीझन म्हणजे काय, हे आपल्यापैकी कुणाला ठाऊक होतं?

गाडी हलली तशी आई खिडकीला धरून चार पावलं चालली. "उन्हाळ्याला ये," एवढंच म्हणाली. उन्हाळ्यात लेकी माहेरी येतात, पाटावर शेवया वळतात, बाजेवर वाळवतात, दुपारभर एकमेकींच्या सासरची नक्कल करतात, हे तिनं गृहीत धरलं होतं. मीही धरलं होतं. म्हणून मी फार रडलेसुद्धा नाही.

हैदराबादला विद्यानगरात आमचं घर म्हणजे पुढं दोन खोल्या आणि मागं पत्र्याची शेड. मामंजी नांदेडकडून तरुणपणी इकडं आले, दुसऱ्याच्या बर्फाच्या कारखान्यात राबले आणि मग ही शेड त्यांनी स्वतःची टाकली. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. हे सरकारी दवाखान्यात नोकरीला, सकाळी नऊला बाहेर. मामंजी सकाळी साखर, दूध, काड्या आणायला नारायणगुड्याकडं सायकल हाणायचे, आणि वसुलीला पार बरकतपुऱ्यापर्यंत. घरात मी आणि ती मशीन. तिची घरघर भिंतीतून उशीपर्यंत यायची. पहिले काही दिवस मी ह्यांना विचारायची, "ही बंद कधी होते?" हे म्हणायचे, "पावसाळ्यात." मला वाटायचं थट्टा करतात.

तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही मी, गारीगार होतं कसं ते. मिठाच्या पाण्याची मोठी टाकी असते. मीठ घातलं की पाणी कितीही गार झालं तरी गोठत नाही, आणि मशीन त्याला गार करत राहते. त्या पाण्यात पत्र्याचे साचे सोडायचे. साच्यात साखरेचं पाणी, रंग, इसेन्स. वरून काड्यांची पट्टी बसवायची आणि लाकडी झाकण लावायचं. गोठलं की साचा साध्या पाण्यात बुडवायचा, म्हणजे कांड्या सुटतात. दुधाच्या कांडीला इथं पाल ऐस म्हणतात. आणि सगळ्यांत खपायचं ते सेमिया ऐस. साच्याच्या तळाशी उकडलेल्या शेवयांची एक चिमूट टाकायची, वरून दूध. कांडी उलटी काढली की शेवया बरोबर शेंड्याला. पोरं आधी तेवढा शेंडाच कुरतडतात. ती चिमूट टाकायचं काम माझं होतं. उन्हाळाभर माझ्या बोटांना शेवया चिकटलेल्या असायच्या आणि शेवया वळायला मात्र मी तुमच्यात नसायची. मला ह्याचा संताप यायचा. आजही थोडा येतो.

तुम्ही म्हणायच्या, तुला कुणी कोंडून ठेवलंय का? नव्हतंच कुणी कोंडलं. मामंजींनी मला आवाज चढवून कधी हाक मारली नाही. पण तेव्हा उन्हाळ्यात करंट दिवसातून कितीदा जायचा ह्याला धरबंध नव्हता. गेला की लगेच मशीनचा मेन स्विच खाली पाडायचा. तसाच राहिला आणि करंट अर्धामुर्धा परत आला तर मोटर जळते. आल्यावरही धावत जाऊन लावायचा नाही. शेडमधल्या बल्बकडं बघायचं. पिवळा, मरगळलेला असला तर थांबायचं. पांढरा झाला की मगच स्विच वर. आणि फार थांबलं तर टाकीचं पाणी कोमट होतं, साचे ढिले पडतात, दुपारचा सगळा माल गेला. म्हणजे करंट जाताना माणूस घरात हवं आणि येतानाही घरातच हवं. ते माणूस मी होते. फेब्रुवारी ते जून मी त्या गल्लीच्या टोकापलीकडं गेले असेन तर ते कुणीतरी शेडमध्ये बसलंय ह्याची खात्री करूनच. आंघोळीला गेले तरी कान बाहेर. गल्लीत कुठल्या तरी घरात पंखा फिरायला लागला की आमचा गाडीवाला यादगिरी ओरडायचा, "अक्का, करंट वच्चिंदी." करंट आला. तेलुगू मी शिकले ती ह्या दोन शब्दांपासून.

यादगिरी आमच्याकडच्या सायकलवाल्यांत सगळ्यांत जुना. मागं लाकडी पेटी, आत पोत्यानं गुंडाळलेला माल. पेटीचं झाकण थाडथाड आपटत तो बरकतपुऱ्याच्या गल्ल्यांतून जायचा. तोच काय तो मला बाहेरचं जग सांगायचा. "अक्का, कोपरे पे एसटीडी का डब्बा लगा," म्हणाला तेव्हा मी त्याला शेडमध्ये बसवलं आणि पहिल्यांदा त्या काचेच्या खोलीतून पूर्णेच्या किराणावाल्याकडं फोन लावला. आईला बोलावून आणेपर्यंत माझा जीव टांगलेला. आई आली, धापा टाकत म्हणाली, "कधी यायलीस?" तेवढ्यात बूथमधली ट्यूब भक्कन लागली. मी रिसीव्हर ठेवून पळाले. यादगिरी होता की शेडमध्ये. पण स्विच त्याला कुठं माहीत होता? आईनं त्या दिवशी किती वेळ हॅलो हॅलो केलं, ते तिनं मला पुढं सांगितलं नाही. किराणावाल्यानं सांगितलं.

असं नाही की मी आलेच नाही. बाळंतपणाला आले, पण ऐन पावसाळ्यात. बापू गेले तेव्हा आले, ते थंडीत. घरात आई एकटी, अंगणात ओल, तुम्ही दोघी आपापल्या घरी. उन्हाळ्यातलं माहेर वेगळंच असतं, आणि ते मला मिळत नव्हतं. दरवर्षी फेब्रुवारीत मी मामंजींना विचारायची आणि ते म्हणायचे, "पुढल्या वर्षी एक माणूस ठेवू, मग जा." ते खोटं बोलत नव्हते. माणूस ठेवायचे. तो दोन महिन्यांत स्वतःचा धंदा बघायला निघून जायचा.

एका वर्षी आईनंच शेवया पाठवल्या. चौदा एप्रिलच्या जयंतीला गावाकडून नात्यातले एक काका हैदराबादला आले, त्यांच्याबरोबर डबाभर. आत एक फडकं, त्यात थोडी खारीक, आणि शेवया आईच्या हातच्या, केसाएवढ्या बारीक. मी डबा शेडच्या फळीवर ठेवला, कारण घरात मुंग्या. सकाळी मामंजी उठले आणि त्यांनी दुकानातल्या शेवया समजून सगळ्या उकडल्या. मी जाऊन बघते तर साच्यांच्या तळाशी आईच्या शेवया पडलेल्या, वर दूध ओतून झालेलं. मामंजींना कळलं तेव्हा ते टाकीच्या झाकणावर बसून राहिले. म्हणाले, "सूनबाई, काढू का परत?" काय काढणार होते? त्या दिवशी बरकतपुऱ्याच्या पोरांनी आईच्या शेवया काडीवर खाल्ल्या. यादगिरी पेटी रिकामी घेऊन आला आणि म्हणाला, "अक्का, आज का सेमिया लय मस्त. बच्चे फिर पूछ रैं." 'लय' हा शब्द तो माझ्याकडून शिकला होता. माझ्यासाठी मामंजींनी एक कांडी बाजूला ठेवली होती. मी ती खाल्ली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आणि जयंतीचं सांगते. मामंजी वर्षातून एकदाच निळा रंग काढायचे. एरवी निळं गारीगार कुणी हातात धरत नाही. पण त्या दिवशी आपल्या वस्तीतली पोरं निळे ओठ, निळ्या जिभा घेऊन मिरवणुकीपुढं नाचायची. मामंजी त्या कांड्या फुकट वाटायचे. मिरवणूक मोठ्या रस्त्यानं जायची, आमच्या गल्लीपर्यंत फक्त बँडचा आवाज पोचायचा. मी बल्बखाली उभी राहून तो ऐकायची.

मग हळूहळू बाहेर सगळं बदलायला लागलं. कोपऱ्यावरच्या दुकानात काचेच्या झाकणाचा फ्रीझर आला. छापील छत्रीच्या, ढकलायच्या गाड्या आल्या, त्यांच्यावरची पोरं टोपी घालून. कागदात गुंडाळलेली चॉकलेटची कांडी मिळायला लागली. आमच्या मागं दोन बंगले पाडून अपार्टमेंट झालं. तिथं पुण्याहून कॉम्प्युटरवाले आले. मी मराठी ऐकून हौसेनं डबाभर कांड्या नेल्या, तर तिथल्या एक बाई दारातच म्हणाल्या, "पाणी कुठलं वापरता हो?" चूक नव्हती त्यांची. घरोघरी फ्रिज आले, आया घरीच सरबत गोठवायला लागल्या. आमचे सायकलवाले एकेक करत गळाले. यादगिरीनं ऑटो घेतली. पेटी तेवढी आमच्या शेडमध्ये ठेवून गेला, म्हणाला, रखो अक्का, यादगार.

एका फेब्रुवारीत मामंजींनी मीठ आणलंच नाही. मी दोन-तीनदा आठवण केली. चौथ्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सूनबाई, मशीन नाही लावायची यंदा. मे महिन्यात आईकडं जा. महिनाभर राहा." आठ-नऊ वर्षं मी ह्याच वाक्याची वाट बघत होते. ऐकल्यावर मी मान हलवली आणि भांडी घासायला गेले.

त्या मे महिन्यात आलेली मी तुम्हाला आठवत असेन. रंजे, तू पुण्याहून आली होतीस, तुझं नवं नवं लग्न. ताई होतीच. दुपारी आपण चौघी पंगत मांडून जेवत होतो. आंब्याचा रस होता. लाईट सकाळपासून गेलेली. ताई, तू सासूची नक्कल करत होतीस आणि मी हसता हसता ठसका लागून पाणी पीत होते. तेवढ्यात पंखा फिरला. पोरं बाहेरून ओरडली, "लाईट आली." मी ताटावरून उठले. रसाची वाटी लवंडली, रंजे, तुझ्या साडीवर. मी मागच्या दारातून अंगणात पोचले, उष्टा हात तसाच, आणि बल्ब शोधायला लागले. अंगणात बाज होती, तिच्यावर शेवया वाळत होत्या. बल्ब नव्हता, टाकी नव्हती, स्विच नव्हता.

तुम्ही दोघी पोट धरून हसलात. मीही हसायला बघत होते. आई उठून आली. तिनं माझा उष्टा हात मनगटाला धरला आणि हळूच म्हणाली, "चल, बस जेवायला. हितं काय चालू करायचं नाही." मला ते सहन झालं नाही. मी तिथंच बाजेच्या खुराला धरून बसले. इतकी वर्षं वाटायचं की एकदा त्या शेडबाहेर पडले की सुटले. सुटका नव्हतीच. तुमच्यामध्ये बसूनही माझे कान गल्लीत होते, दर दुपारी, दर वेळी.

आठवडा पुरा व्हायच्या आत मी परत निघाले. ताई, तू रागावलीस, म्हणालीस, सासरचं एवढं काय लागून राहिलंय, मशीन तर बंद आहे. मामंजी एकटे आहेत, असं काहीतरी मी बोलले. खरं म्हणजे मला तिथं दुपारी काय करायचं तेच कळत नव्हतं.

आता तुम्ही दोघी विचारता, आईही गेली, ह्यांची नोकरी संपली, तिकडं परक्या मुलखात काय राहिलंय, पूर्णेला प्लॉट घे. इथं खरंच फार काही राहिलेलं नाही. शेडच्या जागी आता आमच्या फ्लॅटचं पार्किंग आहे. माझ्या मुलीला मराठी वाचता येत नाही, हे लिहिलेलं मला तिला वाचून दाखवावं लागेल. यादगिरीच्या पेटीत मी कढीपत्ता लावलाय. इन्व्हर्टर आहे, त्यामुळं करंट कधी गेला नि कधी आला ते कळतही नाही. पण कळतं मला. पंख्याच्या आवाजात बारीक फरक पडतो आणि मी मान वर करून बल्ब बघते. पांढरा दिसला की पुन्हा कामाला लागते.

त्या मे महिन्यात आई मला पोचवायला फलाटावर आली होती. ह्या वेळी मोठ्या रुळांची गाडी होती, खिडकी उंच झाली होती, तिला नीट धरता येईना. मी वाट बघत होते ती आता म्हणेल, उन्हाळ्याला ये. गाडी हलली. आईनं पदर सावरला, हात वर केला आणि म्हणाली, "नीट जाय घरी."