घड्याळ नसलेला कुकर

दुकानातली झाडून सगळी घड्याळं बरोबर चालवणारा हा माणूस उभ्या जन्मात एकदाही वेळेवर जेवायला आला नाही. दुकान म्हणजे तरी काय, राहत्या घराचीच रस्त्याकडची खोली. मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसायचे आणि पलीकडे स्वयंपाकघरात भात शिजायचा. बायकोने हाक मारली की मान वर न करता म्हणायचे, "पाच मिनिटं!" ही पाच मिनिटं कुठल्या घड्याळातली ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. भिंतीवर टांगलेल्या एकाही घड्याळाशी ती कधी जुळली नाहीत.

बायकोही काही गप्प बसणाऱ्यातली नव्हती. ती बसस्टँडवर घोषणा करायची. अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे, हे सांगणारा आवाज तिचा. अख्खं शहर तिला आवाजाने ओळखायचं आणि चेहऱ्याने कोणीच नाही, याची तिला भारी गंमत वाटायची. घरी आली तरी सूर तोच. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं. भात ताटात पडण्याच्या तयारीत आहे. उशिरा येणाऱ्यांची जबाबदारी स्वयंपाकघर घेणार नाही." दुकानातलं गिऱ्हाईक हसायचं, घड्याळजी "पाच मिनिटं" म्हणायचे, आणि ती पातेल्याच्या झाकणावर टॉवेल दुमडून ठेवून वाट बघत बसायची. त्यांच्याशिवाय ती कधी जेवली नाही. यात त्यागबिग काही शोधू नये. एकटीने जेवायचा तिला कंटाळा यायचा, एवढंच.

मग एका सकाळी दात घासता घासता ब्रश तिच्या हातातून गळून पडला. तो उचलायला ती वाकली ती खालीच बसली. घड्याळजींनी विचारलं, "काय गं, काय झालं?" तिने उत्तर दिलं, पण त्यात एकही शब्द शब्दासारखा नव्हता. हॉस्पिटलमधून घरी आली तेव्हा उजवा पाय काठीच्या आधाराने ऐकायला लागला होता, हात कुरकुरत होता, आणि बोलणं पार पुसून गेलं होतं. उरला होता एकच शब्द, "नको". पाणी हवं असलं तरी नको, खिडकी उघडायची असली तरी नको, लेकीचा फोन आला की आनंदाने नको. कुठला नको म्हणजे हो, ते घड्याळजींनी तिच्या भुवयांवरून ओळखायचं.

जेवणाच्या बाबतीत मात्र भुवयांकडे बघायची गरजच पडत नव्हती. घास समोर आला की ती ओठ घट्ट मिटायची. डॉक्टर म्हणाले, "गिळता येतंय त्यांना. मऊ अन्न द्या, नीट बसवून, हनुवटी जरा खाली ठेवून. पण वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. पुढच्या तपासणीला बघू."

ती नळी दोघांनीही पाहिलेली होती. हॉस्पिटलमध्ये शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला होती ती. घरी निघायच्या दिवशी घड्याळजींची बायको तिकडे बराच वेळ बघत बसली आणि मग डाव्या हाताने तिने त्यांची बाही धरली. "नको," ती म्हणाली. त्या सगळ्या नकोंमध्ये तेवढा एकच नको खराखुरा नको होता. घड्याळजींनी मान हलवली खरी, पण त्या दिवसापासून त्यांचा जीव टांगणीला लागला.

नर्सने सांगितलं होतं, "थोडं थोडं द्या, आवडीचं द्या, वेळेवर द्या." घड्याळजींच्या कानात शिरला तो फक्त शेवटचा भाग. त्यांनी दुकानातली गजराची घड्याळं आत आणली. एक कपाटावर, एक फ्रिजवर, एक तिच्या उशाशी. गजर झाला की हे वाटी-चमचा घेऊन हजर, तिच्या गळ्याभोवती नॅपकिन बांधून तयार. "एक घास. बरं, अर्धा. बरं, नुसता चाखून तर बघ." जन्मभर ज्याने जेवणाची वेळ पाळली नाही तो आता ठोक्याला ठोका जुळवत होता, आणि ती भिंतीकडे तोंड फिरवत होती. मग गार झालेला तो भात घड्याळजी बेसिनपाशी उभ्या उभ्या पोटात ढकलायचे आणि वाटी विसळायचे. जेवले की नाही हे विचारायला कोणी नव्हतं. जी विचारायची तिच्याकडे तो शब्द राहिला नव्हता.

भाताचंही काही खरं नव्हतं. गॅसवर ठेवला की हे "पाच मिनिटं" म्हणून पडद्याआड जायचे, आणि पातेलं काळं व्हायचं. लेक भेटायला आली तेव्हा मोरीत भिजत घातलेली पातेल्यांची रांग बघून तिने कपाळाला हात लावला. "बाबा, एक दिवस घर जाळाल!" दुसऱ्या दिवशी ती राइस कुकर घेऊन आली आणि तिने बापाला समोर बसवून शिकवलं. तांदूळ दोनतीनदा धुवायचे. आतलं भांडं बाहेरून कोरडं पुसूनच ठेवायचं, खाली थेंब राहता कामा नये. आईला मऊ लागतो म्हणून पाणी भरपूर, पण तांदूळ थोडेच, नाहीतर सगळं उतू जाईल. वरून तेलाचे दोन थेंब टाकले की फेस कमी येतो. चमचा लाकडी, भांड्याला ओरखडे पडतात.

"आणि खटका पडला की लगेच झाकण उघडायचं नाही. वाफ आतल्या आत मुरू द्यायची. मग तो आपोआप गरम ठेवतो. अगदी दिवसभर तसाच ठेवू नका, पण थोडा उशीर झाला तर चालतं."

"कळलं."

"आणि बाबा, हा खोलून बघायचा नाही."

"मी कशाला खोलू?" घड्याळजी इतक्या साळसूदपणे म्हणाले की लेकीने तेव्हाच समजून घ्यायला हवं होतं.

आठवडा व्हायच्या आत त्यांनी तो खोलला. त्यांच्या बाजूने बोलायचं तर कारण तसंच घडलं होतं. कुकरचा खटका रोज वेगळ्या वेळी पडत होता. आज लवकर, उद्या उशिरा. इकडे फ्रिजवरचा गजर ओरडून मोकळा झाला तरी तिकडे आपला कुकर रटरटतोय. घड्याळजींच्या जगात याला एकच नाव होतं, बिघाड. यंत्र पुढे पळतं किंवा मागे पडतं, आणि दोन्हींवर इलाज असतो. त्यांनी प्लग काढला, कुकर दुकानात नेऊन पालथा घातला, स्क्रू काढले. आत चाकं नाहीत, दाते नाहीत. एक स्प्रिंग, एक लोहचुंबक आणि चारदोन वायरी. खटका वेळेवर पडत नाही म्हणजे बिचारी स्प्रिंग दमली असणार, असं निदान करून त्यांनी तिला चिमट्याने जरा सरळ केलं. सगळं पुन्हा जागच्या जागी बसवलं, तांदूळ लावले, आणि अर्थातच म्हणाले, "पाच मिनिटं!"

त्या दिवशी खटका पडलाच नाही. ज्या कुकरात भात करपत नाही म्हणून लेकीने तो आणला होता, त्या कुकरात भात करपला. वास दुकानात पोचला तेव्हा घड्याळजी धडपडत आत धावले. बघतात तर बायको त्यांच्या आधीच उठून स्वयंपाकघरात आली होती. एका खांद्याने भिंतीला टेकलेली, काठी जमिनीवर पडलेली, आणि डाव्या हातात नुकताच उपसलेला प्लग. तिने कुकरमधल्या काळ्याठिक्कर भाताकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. मग त्याच्या कानावर खोचलेल्या चिमुकल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे. आणि ती हसली. तोंड एका बाजूने वाकडं होत होतं, पण हसण्याचा आवाज जसाच्या तसा होता, बसस्टँडवर माइक बंद करायला विसरली की सगळ्या फलाटांवर ऐकू जायचा तो. घड्याळजींना शरम वाटली, भीती वाटली आणि इतका आनंद झाला की त्यांना काठी उचलून द्यायचंसुद्धा सुचेना.

स्प्रिंग त्यांनी होती तशी केली. या वेळी मात्र कानाला खडा लावला, प्लग लावून कुठेही गेले नाहीत. कुकरसमोर स्टूल टाकून बसले. शेजारच्या खुर्चीत तिला बसवलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते भात होताना बघत होते. झाकण थरथरलं, भोकातून वाफ आली, वाफेचा जोर वाढला, मग हळूहळू ओसरला. आतला बुडबुड आवाज बारीक होत गेला आणि टक्कन खटका पडला. घड्याळजींनी मनातल्या मनात तो सगळा कारभार पुन्हा जुळवून पाहिला. पाणी आहे तोवर भांडं उकळत्या पाण्याहून जास्त तापतच नाही. पाणी भातात गेलं की बुडाची आच एकदम चढते, चुंबकाची पकड सुटते, आणि स्प्रिंग खटका पाडते.

"अगं," ते ताडकन उठून म्हणाले, "याच्यात घड्याळच नाही! हा वेळ बघतच नाही. हा भाताकडे बघतो!"

"नको," ती म्हणाली. पण तो नको अशा सुरात होता, की एवढं कळायला तुम्हाला म्हातारपण यावं लागलं का.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गजर बंद केले. तिन्ही घड्याळं दुकानात परत गेली. भात झाला, मुरला, गरम राहण्याचा दिवा लागला, तरी ते वाटी घेऊन धावले नाहीत. तिच्याशेजारी बसले. गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगितल्या. जेवणाची वेळ होऊन गेली तरी तिने भुकेचं काही दाखवलं नाही. शेवटी भुकेने त्यांचेच डोळे पांढरे व्हायला लागले तेव्हा "मी घेतो बाई थोडा" म्हणून त्यांनी ताटलीत भात वाढून आणला आणि तिच्याजवळ बसून खायला लागले. किती दिवसांनी ते बसून जेवत होते.

ती बघत राहिली. मग डावा हात हळूच पुढे आला. तिने ताटलीची कड पकडली आणि ती आपल्याकडे ओढली. घड्याळजींनी चमचा तिच्या हातात दिला. थोडा भात तोंडात, थोडा पदरावर, पुन्हा थोडा तोंडात. मध्येच तिने ताटली त्यांच्याकडे ढकलली. तुमचा घास. त्यांनी खाल्ला. मग पुन्हा तिचा. ताटली अशी येत-जात राहिली आणि रिकामी झाली.

इतके दिवस आपण हिला भरवत होतो. जेवायला बोलावलं नव्हतंच. गळ्याभोवती नॅपकिन बांधला, गजर लावले, हनुवटी खाली केली, पण समोर आपलं ताट ठेवलं नाही. ती एकटीने कधी जेवली नव्हती. आता का जेवेल? आणि आपण बेसिनपाशी पाठ करून गिळत होतो, ते तिला तिथून दिसत होतं. घड्याळजींनी तोंडावरून हात फिरवला आणि पुन्हा भात वाढायला उठले, कारण रडून झाल्यावर काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

त्यानंतर घरात दोन ताटं लागायची. वेळ कुठलीही असो, दोन. कुकरवर बसणाऱ्या जाळीच्या ताटलीत बटाटा, गाजर, भोपळा वाफवून निघायला लागला, कधी अंडं. खाली भात, वर भाजी, एकाच वाफेत दोन्ही. तांदूळ धुवायचं काम तिने डाव्या हाताने स्वतःकडे घेतलं. पाण्याचं माप घड्याळजी खुणेच्या रेघेवर वाकून, डोळा बारीक करून बघायचे. ती पाण्यात बोट बुडवायची आणि त्यांना कोपराने बाजूला सारायची. माप तिचंच बरोबर निघायचं, आणि यावर घड्याळजी ताकास तूर लागू देत नसत.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. "भरलं थोडं. नळीचा विषय सोडून देऊ आपण." बायकोने डाव्या हाताने घड्याळजींची बाही धरली, पण या वेळी काहीच म्हणाली नाही.

बोलणं शिकवणारी मुलगी यायची, चित्रं दाखवायची. झाड, कप, कुत्रा. प्रत्येक चित्राला नको. मुलगी धीराची होती, घड्याळजी त्याहून जास्त. हाताला व्यायाम म्हणून त्यांनी बायकोला दुकानातल्या आपल्याच खुर्चीत बसवायला सुरुवात केली. घड्याळांच्या पट्ट्यांचा डबा समोर ठेवायचा, तिने उजव्या हाताने एकेक पट्टा उचलून जोडीला जोडी लावायची. ती त्यात अशी बुडून जायची की गिऱ्हाईक आलेलं तिला कळायचं नाही. घड्याळजी हे पडद्याच्या फटीतून बघायचे आणि आपल्यालाच बघतोय असं त्यांना वाटायचं.

त्या दुपारी खटका पडला, भात मुरला, भोपळा मऊ झाला. टेबलावर दोन ताटं मांडली. घड्याळजींना काय लहर आली कोण जाणे. त्यांनी घसा खाकरला, हाताची मूठ माइकसारखी तोंडापुढे धरली आणि आपल्या फाटक्या आवाजात पडद्याकडे तोंड करून घोषणा केली, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं. भात ताटात पडण्याच्या तयारीत आहे."

पट्ट्यांचा डबा वाजायचा थांबला होता. मग पडद्याआडून आवाज आला, जड, अडखळत, एकेक अक्षर हाताने ढकलल्यासारखा.

"पाच."

घड्याळजींच्या हातातला लाकडी चमचा तसाच राहिला.

"पाच... मिनिटं."

त्यांनी उघडलेलं झाकण पुन्हा कुकरवर ठेवलं. गरम ठेवायचा दिवा लागलेलाच होता, काही गरज नव्हती. तरी त्यांनी खुंटीवरचा टॉवेल काढला, नीट दुमडला, झाकणावर ठेवला आणि खुर्ची ओढून तिची वाट बघत बसले.