ऑनलाइन लग्नाचा दाखला, सिंगापूर आणि बाबांनी केलेली पाठवणी

पाठवणी करायचीच, असं बाबांनी ठरवलं आणि माझ्याबरोबर सिंगापूरचं त्यांचंही तिकीट निघालं. मुलीचा बाप तिला दारापर्यंत सोडायला जाणारच, दार सिंगापुरात चोआ चू कांगला असलं म्हणून काय झालं, असा त्यांचा मुद्दा. आईचे गुडघे विमानाला तयार नव्हते, म्हणून तिने डब्यात थालीपिठाची भाजणी भरून दिली आणि विषय संपला.

थोडं मागचं सांगते. निखिल बोटीवर इंजिनिअर होता. त्याला हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत किनाऱ्यावरची नोकरी लागली, ताबडतोब रुजू व्हायचं होतं, सुट्टीचं नाव काढायची सोय नव्हती. मग आम्ही एका अमेरिकन काउंटीच्या सेवेतून ऑनलाइन सिव्हिल मॅरेज केलं. तो सिंगापुरात, मी पुण्यात सहकारनगरला, लग्न लावणाऱ्या बाई तिसऱ्याच खंडात. मावशीने लॅपटॉपवर अक्षता टाकल्या आणि कीबोर्ड कायमचा बिघडला.

लग्नाला सात महिने झाले, तरी एका घरात आम्ही एक दिवसही राहिलो नव्हतो. त्यासाठी मला डिपेंडंट पास, म्हणजे नवऱ्याजवळ राहण्याचा परवाना, हवा होता. तो नवऱ्याच्या कंपनीने मागायचा असतो आणि त्यात मुख्य कागद म्हणजे लग्नाचा दाखला. पास मंजूर झाला तर मी राहणार, नाहीतर बाबांबरोबर त्याच विमानाने परत.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. व्हिसा एजंटकडून आधी काढा. अरायव्हल कार्ड सरकारी साइटवर फुकट भरता येतं, पैसे मागणाऱ्या साइट्सच्या नादी लागू नका. आणि ऑनलाइन दाखला असेल तर अपोस्टील, म्हणजे तो परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, करूनच निघा. तरीही तो चालेल का, हे कंपनीला आधी विचाराच. प्रत्येकाचं प्रकरण वेगळं असतं.

चांगी विमानतळावर निखिल समोर उभा. सात महिन्यांच्या नवऱ्याला वडिलांदेखत मिठी मारावी की नमस्कार करावा, मला कळेना. बाबा लगेच वळून शोभेची झाडं बघायला लागले. बराच वेळ त्यांनी एकच झाड बघितलं. त्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

निखिलचा भाड्याचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. आम्ही बॅगा आत घेतोय तोवर शेजारच्या मलय आंटी केळीच्या पानात गुंडाळलेली, नारळ-गुळाचं सारण भरलेली मिठाई घेऊन आल्या. "न्यू ब्राइड, आह? वेलकम, वेलकम!"

"बघ," बाबा मला म्हणाले, "नारळ आला. ओटी भरली की गं त्यांनी तुझी!"

दुसऱ्या दिवशी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, नाश्ता केला. तिघांचं खाणं पुण्यातल्या बऱ्या हॉटेलाच्या भावात होतं. कंडेन्स्ड मिल्कचा चहा पिऊन बाबा म्हणाले, "बासुंदीत चहापत्ती पडलीय," आणि दुसरा मागवला. तेवढ्यात निखिलला कंपनीतून फोन आला. पासचा अर्ज परत आला होता.

आम्ही तिघंही कंपनीत निघालो. चोआ चू कांगहून एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, ज्युराँग ईस्ट, तिथून ब्युओना व्हिस्टा, मग हार्बरफ्रंट. बँकेचं कार्ड गेटवर टेकवलं की काम होतं. बाहेर नारिंगी छपरांची कौलारू जुनी घरं मधेच दिसत होती म्हणे. मला काही दिसलं नाही.

कंपनीच्या एचआरमधल्या मिसेस लिम यांनी माझा पासपोर्ट आणि दाखला शेजारी शेजारी ठेवले. "गौरी सुधाकर भिडे. गौरी निखिल सामंत. व्हिच वन इज यू?"

"बोथ," मी म्हटलं.

"बोथ कॅनॉट, लाह."

झालं होतं असं. लग्नाच्या ऑनलाइन अर्जात 'लग्नानंतरचं नाव' असा रकाना होता. तो भरताना बाबा शेजारी बसले होते. "सामंत लिही, आणि मधे निखिल. माझं नाव काढ आता," ते म्हणाले होते. आपल्याकडे लग्न झालं की मुलीचं मधलं नावही बदलतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. दाखल्यावर दोन्ही नावं आली, आणि कंपनीने पासचा अर्ज नव्या नावाने केला. पासपोर्ट मात्र जुन्या नावाचा. कागदोपत्री निखिलची बायको एक आणि सिंगापुरात उतरलेली बाई दुसरीच.

मी ही पद्धत मिसेस लिमना समजावली. आधी वडिलांचं नाव, मग नवऱ्याचं. त्यांनी दाखल्यावरच्या नावावरून पेन फिरवलं. "सो योर्स इज ओन्ली द फ्रंट वन, आह?"

मी समोरच्या पासपोर्टवरचं माझं नाव पुन्हा वाचलं.

त्यांनी मार्ग काढला. पासपोर्टवरच्या नावाने नवा अर्ज, सोबत दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं माझं प्रतिज्ञापत्र. "अँड युवर फादर इज हिअर? व्हेरी गुड. अंकल कॅन आल्सो साइन."

परतीच्या गाडीत बाबा दाखला पुन्हा पुन्हा वाचत होते. "माझ्यामुळे घोळ झाला," एवढंच म्हणाले. निखिल म्हणाला, "बाबा, तुम्ही आला नसता तर सही कोणी केली असती?" तेव्हा मला हा माणूस दुसऱ्यांदा आवडला.

आंग मो किओला शपथेवर सह्या घेणाऱ्या वकिलांचं छोटं ऑफिस होतं. वकील वयस्कर तमिळ गृहस्थ. "यू आर द फादर?"

"सिन्स द बिगिनिंग," बाबा म्हणाले.

वकील हसले आणि त्यांनी मजकूर मोठ्याने वाचायला सांगितला. 'गौरी सुधाकर भिडे ही माझी मुलगी' या अर्थाच्या इंग्रजी वाक्यावर बाबा थांबले. त्यांनी चष्मा पुसला आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मग नुसती वाट बघणं. बोटॅनिक गार्डन बघा, तिकीट नाही आणि सावली भरपूर. हार्बरफ्रंटहून सेंटोसाला पुलावरून चालत जा, संध्याकाळी वारा छान असतो. आम्ही हे सगळं केलं, पण माझी बॅग मी पूर्ण उघडली नव्हती. रोज वरचेच दोन कपडे काढायचे आणि चेन लावायची.

परतीच्या आदल्या दिवशी त्याच हॉकर सेंटरमध्ये निखिलचा फोन वाजला. त्याने वाचलं आणि फोन सरळ बाबांपुढे धरला. पास तत्त्वतः मंजूर झाला होता. बाबांनी तो निरोप दोनदा वाचला, शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी चिनी आजोबांशी हस्तांदोलन केलं आणि म्हणाले, "माय डॉटर इज स्टेइंग!" आजोबांना काय समजलं कुणास ठाऊक, पण त्यांनीही जोरात हात हलवला. मी तिथेच रडले. आनंदानेच रडले, आणि आभार मानायला मिसेस लिमना तिथूनच फोन केला.

दुसऱ्या दिवशी चांगीला बाबा एकटेच आत गेले. मुलगी अलीकडे उभी आणि बाप निघालाय, अशी पाठवणी आमच्या घराण्यात पहिलीच. जाताना त्यांनी विचारलं, "आता पासपोर्टही सामंत नावाने करून घेशील ना? दोन नावं नकोत बाई पुन्हा."

"नाही बाबा. आहे तोच ठेवणार आहे."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"गौरी सुधाकर म्हणतील."

ते पुढे गेले, आणि काचेपलीकडून हात करायचा सोडून दोन्ही हातांनी रुमाल डोळ्यांना लावून उभे राहिले. आम्ही घरी आलो. मी बॅग उघडली आणि कपडे कपाटात लावले.