काटेवाल्या काकांचा अंदाज

वजन नसलेली एखादी गोष्ट जगात असू शकते, यावर काटेवाल्या काकांचा अजिबात विश्वास नव्हता. गडचांदूरजवळच्या एका चुनखडीच्या खाणीवर वीस वर्षं ते वजनकाट्याच्या केबिनमध्ये बसले होते. ट्रक काट्यावर चढायच्या आधीच, नुसत्या दबलेल्या टायरांकडे बघून ते आकडा सांगत, आणि चुकलेच तर थोडक्याच फरकाने चुकत. ड्रायव्हर मुद्दाम खिडकीशी थांबून "काका, किती?" विचारत. खाणीबाहेरही ही सवय सुटत नसे. बारशाला गेले की बाळ उचलून आधी वजन सांगत, नाव मागाहून विचारत. आमच्या शेजारच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना ते माझ्या वडिलांच्या कानाशी लागले आणि म्हणाले, "नवरी एक्केचाळीस. दागिने धरून." वडिलांनी घाईघाईने मंगलाष्टकांकडे लक्ष वळवलं.

हे काका दोन हजार सालाच्या सुमारास, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, कॉम्प्युटर क्लासमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. मी नुकतीच बारावी झाले होते. क्लास कापडदुकानाच्या माडीवर होता आणि शिकवणारे सर काकांच्या मुलाच्या वयाचे होते. काकांनी पहिल्याच दिवशी कीबोर्ड दोन्ही हातांवर तोलून पाहिला आणि "सव्वा किलो" असं सरांना सांगितलं. आम्ही हसलो. पण त्यांना तिथे कशासाठी यावं लागलं होतं, ते मला काकूंकडून कळलं. खाणीवर कॉम्प्युटरचा काटा येणार होता. क्लासची परीक्षा पास होईल तो केबिनमध्ये राहील, बाकीच्यांनी क्रशरवर जायचं, असं साहेबांनी सांगितलं होतं. क्रशरवर दिवसभर दगडाची पांढरी धूळ उडते, आणि काकांना दमा होता. "त्याईच्याकडं लक्ष ठेवजो, बाई," काकू माझा हात धरून म्हणाल्या.

सरांनी सरावाला एका खेळाचा प्रोग्रॅम लिहायला दिला होता. कॉम्प्युटरने एक ते शंभरमधला एक आकडा मनात धरायचा, आपण तो ओळखायचा, आणि आकडा सापडेपर्यंत त्याने आपला आकडा 'मोठा' की 'लहान' ते सांगत राहायचं. यातली 'असं असेल तर हे, नसेल तर ते' ही अट काकांना लगेच समजली. "गाडी भरली अशीन तं पावती, नाई तं वापस," ते म्हणाले. अडले ते लूपपाशी, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या ओळींपाशी. विचारण्याची ओळ त्यांनी लूपच्या बाहेर ठेवली आणि पहिलाच आकडा टाकल्याबरोबर पडद्यावर 'भारी भारी भारी' अशा इंग्रजी अक्षरांतल्या ओळी धावायला लागल्या. 'मोठा' आणि 'लहान' हे शब्द त्यांना पटले नव्हते, म्हणून त्यांनी 'भारी' आणि 'हलका' लिहिले होते. सर धावत आले. काका मात्र शांतपणे पडद्याकडे बघत म्हणाले, "त्याचा काई कसूर नाई, सर. त्याले थांब म्हणून कोणी सांगतलंच नाई."

त्यांची खरी तक्रार वेगळीच होती. "जे दिसत नाई त्याचा अंदाज कसा घ्याचा, पोरी?" ते मला म्हणाले. "ना टायर, ना माल. मले समजून नाई राह्यलं."

मी त्यांना सांगितलं, की आधी पन्नास म्हणायचं. त्याने 'भारी' म्हटलं तर पंचवीस. ते हसले. "हा तं अंदाज नाई, हे तं तागडीवर मोजणं झालं," म्हणाले. तरुणपणी ते सिंदेवाहीला धानाच्या गोदामात मोठ्या तागडीवर पोती मोजत असत. एका पारड्यात पोतं, दुसऱ्यात वजन. वजनाचं पारडं खाली गेलं की ते वजन काढायचं आणि त्याच्या अर्ध्याचं ठेवायचं, काटा मध्ये येईपर्यंत. "दर खेपेले नवं वजन, तसा दर खेपेले नवा आकडा," म्हणत त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला, विचारण्याची ओळ लूपच्या आत घेतली आणि एका बोटाने सगळा प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. तासभर लागला, पण तो चालला. एरवी कठडा धरून थांबत थांबत उतरणारे काका त्या दिवशी माडीचा जिना न थांबता उतरले.

परीक्षेत सरांनी एक अट वाढवली. सात वेळा चुकलं की खेळ संपवायचा आणि 'तुम्ही हरलात' असं दाखवायचं. काकांचा प्रोग्रॅम ठीक चालला, फक्त तो कोणालाही हरवत नव्हता.

"काका, सातची अट राहिली," सर म्हणाले.

"राह्यली नाई. मी लिवलीच नाई. माणूस येवढा अंदाज घेऊन राह्यला, त्याले हाकलाचं काऊन?"

सरांनी त्यांना दहा मिनिटं दिली. मला काकूंचा हात आठवत होता. मी हळूच म्हटलं, "काका, एका ओळीचा तर प्रश्न आहे. लिहून टाका." ते बराच वेळ बोट वर धरून बसले. मग लिहिलं. सरांनी मुद्दाम सात चुकीचे आकडे टाकले, तेव्हा पडद्यावर उमटलं: 'बसा जरा. पाणी घ्या. उद्या या.' सर ते दोनदा वाचून हसले आणि त्यांनी काकांना पास केलं.

काकांची केबिन वाचली. पुढे चार-पाच वर्षांनी माहेरी आले असताना मी मुद्दाम खाणीवर त्यांना भेटायला गेले. नव्या केबिनमध्ये ते काचेआड बसले होते. श्वास बरा होता, अंगही भरलं होतं. ट्रक काट्यावर यायचा, आकडा आपोआप पडद्यावर आणि बाहेरच्या लाल दिव्यांवर उमटायचा, पावती सरकायची आणि ड्रायव्हर ती घेऊन निघून जायचा. मी होते तेवढ्या वेळात कोणी खिडकीशी थांबलं नाही.

"अजून अंदाज घेता का, काका?" मी विचारलं.

"घेतो ना. मनात." त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला. "बरोबरच येते बहुतेक. पण आता तो कोणाले सांगाचा?"

बाहेर पुढचा ट्रक चढत होता. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "मला सांगा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खुर्ची खिडकीकडे वळवली, आणि लाल दिवे लागायच्या आत घाईघाईने आकडा सांगितला. त्या दिवशी मी तिथे अकरा ट्रक जाईपर्यंत बसले. माझी बस चुकली.