ताणावरचं झाड

पुंजाराम आमच्या सोसायटीत माळी म्हणून आला, तो एक मोसंबीचं कलम हातात घेऊनच. शेंद्र्याची त्याची मोसंबीची बाग कारखान्यांना गेली होती. त्याची तक्रार नव्हती. पण त्याच्या बायकोनं, आशाबाईनं, त्या दिवसापासून मोसंबी तोंडाला लावली नव्हती. "आपल्या झाडाची आसंल तर खाईन," एवढंच ती म्हणायची.

कलम त्यानं फाटकाजवळ लावलं आणि मी त्या झाडाच्या मुळावर उठलो. मी म्हणजे दत्तोपंत, रिटायर्ड कारकून आणि सोसायटीचा सेक्रेटरी. सकाळ-संध्याकाळ पाण्याची नळी धरून उभा! पुंजाराम सांगायचा, "साहेब, लई लाड करताय. ताण पडल्याबिगर ते फुलायचं नाय." हिवाळ्यात पाणी तोडायचं, झाडाला पानं गाळू द्यायची, मग पाणी सोडायचं म्हणजे बहर येतो, ही बागायतदारांची रीत. मला ती क्रूर वाटायची. झाडाला उपाशी ठेवून कुणी फळ मागतं का? सात वर्षं झाड हिरवंगार राहिलं. मोसंबी एकही लागली नाही.

मग २०१२ साली पावसानं पाठ फिरवली. बोअर आटला, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, माझी नळी गुंडाळून ठेवली गेली. डिसेंबरात पानं पिवळी पडून गळाली. मिटिंगमध्ये ठरलं, झाड वाळलंय, तोडून तिथं दोन गाड्या लावू. सांगायला लाज वाटते, पण हात मीही वर केला.

पुंजाराम चपला दाराबाहेर काढून मिटिंगमध्येच आत आला. "मेलं नाय ते. पाणी नाय म्हणून पानं टाकून जीव राखतंय. एक महिना द्या." मला त्यानं ओढतच झाडापाशी नेलं आणि फांदी नखानं खरवडली. साल आतून हिरवी होती.

महिना मी मागून घेतला. जानेवारी सरताना घरोघरी बादली घेऊन हिंडलो, तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी गोळा करून झाडाला घातलं. फेब्रुवारीत झाड पांढऱ्या फुलांनी भरलं, जिन्यापर्यंत वास! उन्हाळ्यात मात्र बारकी फळं पटापटा गळायला लागली. मी हळहळलो.

"पेलंल तेवढीच ठेवतंय," पुंजाराम म्हणाला.

नऊ राहिली. पाणी आम्ही पावसाळ्यापर्यंत असंच पुरवलं.

दिवाळीआधी त्यानं पहिली मोसंबी तोडून खिशात घातली. मी त्याच्यापुढे हात जोडले. सात वर्षं माझं चुकत होतं आणि या माणसानं मला एकदाही बोल लावला नाही. त्याचे हे उपकार मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "आशाबाई काय म्हणाल्या?"

"खाल्ली. साली टाकाया निघालो तर तिनं हात धरला. पत्र्यावर वाळू घातल्यात."